सायकलच्या स्पोकचा ताण घरच्या घरी कसा तपासायचा

चाक सरळ फिरतंय म्हणजे स्पोक ठीक आहेत, असं बहुतेक जण धरून चालतात. पण एखादा स्पोक ढिला पडला आणि शेजारच्यांनी त्याचा भार उचलला, तर रिम महिनोन्‌महिने सरळ राहू शकते. ब्रेकला घासत नाही, डुलत नाही, कसलीच तक्रार नाही. मग एक दिवस मागच्या चाकातून ‘टण्ण’ असा आवाज येतो आणि एक स्पोक तुटून लोंबताना दिसतो. आऊट, म्हणजे रिमचं डावी-उजवीकडे डुलणं, डोळ्याला दिसतो. ताण मात्र हाताने चाचपावा लागतो, नाहीतर कानाने ऐकावा लागतो.

हे घरी नीट जमतं, आणि त्यासाठी मोजायचं यंत्र असायलाच हवं असं नाही. एक गोष्ट मात्र पक्की धरून ठेवा: घरच्या तपासणीत ‘ताण किती किलो आहे’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, एका बाजूचे सगळे स्पोक एकमेकांशी जुळतात का? पुढचं सगळं या प्रश्नाभोवती फिरतं.

ताण कमी पडला तर बिघडतं काय

चाक बांधतानाच प्रत्येक स्पोक निपलने, म्हणजे रिमच्या भोकात बसणाऱ्या त्याच्या टोकावरच्या छोट्या नटाने, आवळून ताणलेला असतो. तुम्ही सायकलवर बसलात की जमिनीजवळ आलेले मोजके स्पोक थोडे सैल होतात. बाकीच्यांच्या ताणात फारसा फरक पडत नाही. म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला प्रत्येक स्पोक एकदा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. मुळात ताण पुरेसा असेल तर हा चढउतार तो सहज पचवतो. ताण कमी असेल तर खाली आलेला स्पोक पार ढिला पडतो. मग निपल हळूहळू उलटा फिरत सुटायला लागतो, आणि हबाच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकात अडकलेली स्पोकची वाकडी मान दर फेऱ्याला किंचित मागेपुढे होत राहते. धातू थकतो तो तिथे. स्पोक बहुतेक वेळा मानेशीच तुटतात ते यामुळे. तुटलेला स्पोक पाहून ‘फार आवळला होता वाटतं’ असं म्हणणारे बरेच असतात. बहुतेकदा कारण नेमकं उलटं असतं.

अति ताणाचं नुकसान वेगळ्या जागी दिसतं. रिमला निपलच्या भोकांभोवती बारीक चिरा पडतात, निपलचे कोपरे झिजून गोल होतात, आणि फारच झालं तर जरा आडवा धक्का बसताच अख्खं चाक पिळवटून जातं.

कोणाची तुलना कोणाशी

इथे गडबड झाली तर पुढची सगळी तपासणी वाया जाते, म्हणून जरा थांबून वाचा.

गिअरच्या सायकलच्या मागच्या चाकात दातेरी चक्रांच्या कॅसेटला जागा हवी असते, म्हणून हबाचा उजवा फ्लँज, म्हणजे स्पोक अडकवायची भोकं असलेली कडेची चकती, मध्याकडे सरकवलेला असतो. रिम मात्र बरोबर मधोमध राहायला हवी. त्यामुळे उजवीकडचे, म्हणजे चेनकडचे, स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात, तर डावीकडचे जास्त तिरपे आणि कमी ताणलेले. डावीकडचा ताण उजवीकडच्याच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत असणं नेहमीचं आहे. हा दोष नाही, ही रचनाच आहे. ‘डावे ढिले लागतायत’ म्हणून ते सगळे उजव्यांइतके आवळले, तर रिम डावीकडे जाऊन बसेल.

पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर असाच प्रकार डिस्कच्या बाजूला असतो, फरक जरा कमी. पुढचं चाक रिम ब्रेकचं असेल तर दोन्ही बाजू सारख्याच असायला हव्यात.

थोडक्यात, उजव्या स्पोकची तुलना उजव्याशी, डाव्याची डाव्याशी. सायकल उलटी केली की डावं-उजवं डोक्यात गोंधळतं, म्हणून मी नोंद करताना ‘चेनची बाजू’ आणि ‘दुसरी बाजू’ असंच लिहितो.

तयारी

सायकल सीट आणि हँडलवर उलटी ठेवली तरी चालते. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर उलटं करणं शक्यतो टाळा. यंत्रणेत कुठे हवा राहिली असेल तर ती सरकून ब्रेक लिबलिबीत लागू शकतो. अशा वेळी स्टँडवर लावा किंवा चाक उचललं जाईल अशी सायकल टांगा. डिस्कच्या पात्याला बोटं लावू नका. तेलकट बोटाचा एक डाग ब्रेक बिघडवायला पुरतो.

टायरमध्ये नेहमीइतकी हवा ठेवा. हवेच्या दाबाने टायर रिमला आतल्या दिशेने आवळतो आणि स्पोकचा ताण थोडा उतरतो. अरुंद, जास्त दाबाच्या टायरमध्ये हा फरक मोजण्याइतका असतो. आज हवा भरून मोजलं आणि पुढच्या वेळी रिकाम्या टायरवर, तर दोन नोंदी जुळणार नाहीत.

मग चाक हातात धरून वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. हबात खेळ असेल तर आधी तो काढा, नाहीतर पुढे दिसणारा आऊट स्पोकचा की हबाचा हे कळणार नाही. स्पोक फडक्याने पुसता पुसता प्रत्येक निपलच्या भोवतीची रिम आणि हबाचे फ्लँज नीट पाहा. केसासारखी चीर दिसली तर इथेच थांबा. चीर गेलेल्या रिमचा ताण तपासण्यात अर्थ नाही, ती बदलायचीच आहे.

व्हॉल्व्हचं भोक ही सुरुवातीची खूण. त्याच्या शेजारच्या स्पोकला चिकटपट्टीचा तुकडा लावा. नेहमीच्या चाकांत स्पोक एक आड एक डावीकडे-उजवीकडे जातात, म्हणजे ३२ स्पोकच्या चाकात प्रत्येक बाजूचे १६.

पहिली फेरी: बोटांनी

एकाच बाजूचे, जवळजवळ समांतर जाणारे दोन स्पोक अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरा आणि दाबा. किती लवचीक लागतायत ते हातात साठवा आणि पुढच्या जोडीकडे जा. पूर्ण फेरी एका बाजूने करा, मग दुसऱ्या बाजूने. या चाचणीने बारीक फरक कळत नाही, पण एखादा स्पोक अगदीच मेलेला असेल तर लगेच सापडतो. चांगल्या ताणातली जोडी किंचित दबते आणि हात उलट ढकलते. ढिला स्पोक शेजाऱ्याकडे आपसूक झुकतो, त्यात जीवच नसतो.

असा पार ढिला स्पोक मिळाला तर लगेच आवळायला जाऊ नका. खूण करा आणि पुढे चला. अजून चाकाचं चित्र पूर्ण झालेलं नाही.

दुसरी फेरी: कानाने

घरच्या तपासणीतली ही सगळ्यात भरवशाची पद्धत आहे. ताणलेली तार छेडली की सूर निघतो. ताण वाढला की सूर चढतो, उतरला की उतरतो. स्पोक म्हणजे तारच.

छेडायचा कुठे, याला महत्त्व आहे. नेहमीच्या विणलेल्या चाकात एका बाजूचा स्पोक दुसऱ्याला ओलांडून जातो आणि शेवटच्या फुलीपाशी दोघे एकमेकांना टेकतात. त्या फुलीपासून निपलपर्यंतचा जो मोकळा तुकडा आहे, त्याच्या मध्यावर नखाने किंवा प्लास्टिकच्या पातळ तुकड्याने हलकेच छेडा. प्रत्येक स्पोकला तीच जागा आणि तेवढाच जोर. शेजारचे स्पोक घुमत राहिले तर दुसऱ्या हाताच्या पंजाने त्यांना शांत करा.

चेनच्या बाजूने सुरुवात करून एक आड एक असे त्याच बाजूचे स्पोक छेडत जा. सूर ओळखता यायला हवा असं मुळीच नाही. ‘हा मघाच्यापेक्षा खाली आहे’ एवढं कळलं की पुरे. एका बाजूचे स्पोकही काही फ्लँजच्या आतून आणि काही बाहेरून निघतात. त्यांच्या सुरात किंचित फरक वाटला तर दचकू नका. आतल्यांची तुलना आतल्यांशी करून पाहा.

आता हा फरक किती मानायचा? सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो, म्हणून सुरात थोडा फरक म्हणजे ताणात बराच फरक. एका अर्धस्वराचा, म्हणजे सा आणि कोमल रे यांच्याइतका फरक असेल, तर ताण सुमारे १२ टक्क्यांनी वेगळा आहे. सा आणि शुद्ध रे इतका असेल तर एकाचा ताण दुसऱ्याच्या जवळजवळ सव्वापट आहे. एका बाजूचे स्पोक त्या बाजूच्या सरासरीच्या २० टक्के अलीकडे-पलीकडे असतील तर घरगुती कामाला चालतं, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यामुळे नेहमीच्या सुरापासून कोमल रे इतका सरकलेला स्पोक सोडून द्या, शुद्ध रे इतका सरकलेला कागदावर आणा.

कानावर विश्वास नसेल तर फोनवर वाद्य जुळवायचं किंवा वारंवारता दाखवणारं कुठलंही ॲप लावा, फोन स्पोकजवळ धरा आणि आकडा लिहा. इथेही तेच गणित: एका बाजूची सरासरी ४०० हर्ट्झ आणि एखादा स्पोक ३६० दाखवत असेल, तर ३६० भागिले ४०० म्हणजे ०.९, त्याचा वर्ग ०.८१. म्हणजे त्या स्पोकचा ताण १९ टक्के कमी. वारंवारतेत १० टक्के फरक ही म्हणून हाताशी ठेवायची मर्यादा. ॲप कधी कधी मूळ सुराऐवजी त्याच्या दुप्पट आकडा पकडतं. एखाद्या स्पोकचा आकडा बाकीच्यांपेक्षा अचानक दुप्पट आला तर ती ॲपची चूक समजा आणि पुन्हा छेडा.

तिसरी फेरी: मीटरने (असेल तर)

स्पोकचा ताण मोजायचा मीटर स्पोकला तीन ठिकाणी टेकतो, ठरावीक जोराने त्याला वाकवतो आणि किती वाकला ते दाखवतो. त्याच्या पट्टीवरचा आकडा म्हणजे किलो नव्हेत. सोबतच्या तक्त्यात स्पोकची जाडी आणि धातू पाहून तो आकडा किलोत बदलावा लागतो. २ मिमी आणि १.८ मिमी जाडीच्या स्पोकचा सारखाच आकडा आला तरी ताण वेगळा असतो. मध्ये बारीक आणि टोकांना जाड असे स्पोक असतील तर जाडी मधल्या भागात मोजा, कारण मीटर तिथेच बसतो. लावताना मीटरची पकड झटक्याने सोडू नका, हळू सोडा.

किती ताण हवा? गिअरच्या चाकात चेनच्या बाजूला सहसा १०० ते १२० किलो, म्हणजे साधारण १,००० ते १,२०० न्यूटन, एवढा ठेवतात. पण शेवटचा शब्द रिम बनवणाऱ्याचा. रिमवर किंवा तिच्या माहितीपत्रकात कमाल ताण दिलेला असेल तर तीच मर्यादा. कार्बनच्या रिमला तर अंदाजाने हात लावूच नये.

नोंद वाचायची कशी

समजा, चेनच्या बाजूचे लागोपाठचे आठ स्पोक किलोत असे आले: १०८, ११२, १०४, ११०, ७८, १२६, १०९, १०६. सरासरी जवळजवळ १०७. तिच्या २० टक्के खाली म्हणजे ८५ आणि वर म्हणजे १२८. ७८ उघडच बाहेर आहे. १२६ आत आहे, पण काठावर. या दोघांचं शेजारी असणं हा योगायोग नाही: एकाने अंग टाकलं आणि दुसऱ्याने ते सावरलं. रिम तिथे कदाचित अगदी सरळ असेल. फक्त ७८ वाला आवळला तर ती चेनकडे ओढली जाईल. म्हणून ७८ ला पाव फेरा घट्ट आणि १२६ ला पाव फेरा सैल. एकाच बाजूचे दोन शेजारी असे समसमान सोडले-आवळले की रिम जवळपास आहे तिथेच राहते आणि ताण मात्र वाटला जातो.

आऊट असेल तर ताणाची नोंद आणखी उपयोगी पडते. फ्रेमच्या दांडीला किंवा फोर्कला केबल टाय बांधा आणि त्याचं टोक रिमच्या कडेपासून कागदाएवढ्या अंतरावर येईल असं कापा. चाक हळू फिरवा. रिम जिथे टोकाला घासते तिथे आऊट. आता त्या जागचे स्पोक नोंदीत शोधा.

समजा रिम उजवीकडे गेली आहे. तिथले उजवे स्पोक सरासरीपेक्षा घट्ट असतील तर ते सैल करा. उजवे ठीक आणि डावे ढिले असतील तर डावे आवळा. दोन्ही बाजू सरासरीजवळ असतील तर थोडं इकडे, थोडं तिकडे. आणि उजवे ढिले, डावे घट्ट, तरीही रिम उजवीकडेच, असं असेल तर रिम स्वतःच वाकली आहे. आधी कोणीतरी स्पोक ओढून तो बाक लपवायचा प्रयत्न केलेला असतो. इथे पाना फिरवत बसलात तर डावे आणखी ताणतील, उजवे आणखी ढिले पडतील, आणि सरळ दिसणारं चाक थोड्याच दिवसांत स्पोक तोडायला लागेल. ताण न पाहता नुसता आऊट काढण्यात हाच धोका आहे.

आऊट अर्ध्या मिलिमीटरवर आला की पुरे. त्याच्या मागे लागून ताणाची समानता घालवू नका. डिस्क ब्रेकच्या सायकलला तर एवढासा आऊट जाणवतही नाही.

पाना फिरवताना

निपलवर अगदी घट्ट बसणाराच स्पोक पाना वापरा. निपलची मापं वेगवेगळी असतात आणि त्यांत फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाच असतो. सैल पाना ‘चालतोय की’ म्हणून वापरला की निपलचे कोपरे गेलेच. पक्कड तर नकोच.

दिशेचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. टायरच्या बाजूने हबाकडे पाहत असाल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट. हबाकडून रिमकडे पाहत असाल तर बरोबर उलट. खात्री नसेल तर पाव फेरा फिरवा आणि स्पोक छेडा. सूर चढला तर घट्ट झाला.

पाव फेऱ्यावर एवढा भर का, तेही सांगतो. २ मिमीच्या स्पोकला इंचात ५६ आटे असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात निपल सुमारे ०.४५ मिमी सरकतो. आणि २९० मिमी लांबीचा हाच स्पोक १०० किलो ताणाखाली लांबतो तोही जेमतेम तेवढाच. रिम थोडी दबते, शेजारचे थोडे सोडतात, म्हणून प्रत्यक्षात ताण एवढा सरळ वाढत नाही. तरी एक अख्खा फेरा म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे हे यावरून लक्षात यावं.

निपल जाम असेल तर आट्यांशी आणि रिमच्या भोकाशी पातळ तेलाचा एकेक थेंब सोडून थोडा वेळ थांबा. रिम ब्रेक असेल तर रिमच्या कडेवर तेल ओघळू देऊ नका. जाम निपल फिरवताना स्पोकही सोबत पिळला जातो. हे पाहायचं असेल तर स्पोकवर चिकटपट्टीची छोटी झेंडी लावा: पाना फिरवताना झेंडी वळली तर निपल नाही, स्पोक फिरतोय. पाना हव्या त्या जागेच्या जरा पुढे न्या आणि झेंडी पहिल्या जागी येईपर्यंत मागे आणा. चपटे स्पोक असतील तर निपलजवळ स्पोक धरूनच फिरवा.

दोन-चार स्पोकना हात लावला की त्यांचे शेजारी पुन्हा छेडा. एका स्पोकचा ताण बदलला की आजूबाजूच्यांचाही बदलतो, म्हणून जुनी नोंद तिथे लागू नाही. शेवटी समांतर जोड्या हातमोजे घालून जोरात आवळा, चाकभर, दोन्ही बाजूंनी. स्पोकची मान हबात नीट बसते आणि राहिलेला पीळ सुटतो. पीळ तसाच राहिला तर सायकल पहिल्यांदा चालवताच चाकातून ‘टिंग टिंग’ ऐकू येईल. जोड्या आवळून झाल्या की पुन्हा एकदा सूर आणि आऊट दोन्ही पाहा.

घरी कुठे थांबायचं

रिमला किंवा फ्लँजला चीर, वाकलेली रिम, गोल झालेले निपल, किंवा एकाच चाकात थोड्याथोड्या दिवसांनी तुटणारे स्पोक: या चारही गोष्टी पाना फिरवून सुटत नाहीत. त्यातली शेवटची विशेष लक्षात घ्या. एक स्पोक तुटला तर बदलता येतो, पण एकामागून एक तुटत असतील तर उरलेल्यांनीही कमी ताणाची तेवढीच झीज सोसलेली असते. तिथे सगळे स्पोक नवीन घालून चाक पुन्हा बांधणं स्वस्त पडतं.

कागदावरची नोंद फेकू नका, तारीख घालून ठेवा. नवीन किंवा नुकतं बांधलेलं चाक पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर एकदा तपासावं, आणि नंतर मोठा खड्डा किंवा पडझड झाली की. पुढच्या वेळी तोच स्पोक पुन्हा उतरलेला दिसला आणि शेजारचे जागच्या जागी असतील, तर त्याच्या निपलचे आटे गेले आहेत का ते आधी पाहा. निपल बदलून ताण टिकला तर काम झालं. नवा निपलही उतरला तर टायर आणि रिमची पट्टी काढून त्या भोकाची आतली बाजू उजेडात धरून बघा. बाहेरून न दिसणारी चीर बहुतेक तिथेच सापडते.